डी, ई, एन

"पी... ए... टी," राजशेखर म्हणाला आणि त्यानं कागदावरून मान वर केली. "पट? पाट? गिरिजा, पाट हवाय का तुला?"

सोलापूरच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागातल्या खाटेवर मी उताणी पडले होते. तोंडात नळी, नळी यंत्राला जोडलेली आणि मानेखालचं सगळं अंग कुणा दुसऱ्याचं असावं तसं निपचित. पाट घेऊन मी काय करणार होते? मला म्हणायचं होतं, पाठ. पाठीखाली चादरीला चुणी पडली होती आणि ती सकाळपासून सुरीसारखी रुतत होती. मी 'एच' सांगायच्या आधीच नवऱ्यानं शब्द उचलला होता.

"पत्र म्हणत असेल," माझी आई म्हणाली. "कुणाला पत्र लिहायचं असेल बाई."

"पत्रात आर येतो, आई."

"दमलीय ती. आर राहिला असेल."

डोळे वर केले की हो, मिटले की नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. हातात तरी कसलं म्हणायचं! मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि उघडलेच नाहीत. ते भांडण समजून दोघं गप्प झाले.

तेवढ्यात पायथ्याकडून खाकरल्याचा आवाज आला. "राजा, तिला इंग्रजी शब्दच सांगू दे. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा म्हटला तर प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. इंग्रजी शब्दाचं ठरलेलं असतं."

बोलणारे होते माझे सासरे, सिद्रामप्पा मेनकुदळे. सगळ्या बार्शीचे मेनकुदळे सर, घरात अप्पा. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर आणि घडीव बोलणं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आम्हा दोघांत धड असं बोलणं कधी झालं नव्हतं. वैर नव्हतं, राग नव्हता. रीतच तशी होती. त्यांना चहा हवा असला की ते भिंतीकडे बघून "चहा होईल का?" म्हणायचे. मी भिंतीच्या अलीकडून "ठेवते" म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे आमच्या मधे दुवा असा कुणी नव्हताच.

ही सत्त्याण्णव सालच्या श्रावणातली गोष्ट. मी बार्शीतच ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. आधी दोन दिवस पोट बिघडलं, ते बरं झालं. मग आठवड्याभरानं पायांना मुंग्या यायला लागल्या. फळ्यावर आकृती काढताना हातातून खडू गळून पडला, तेव्हा पोरं हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मला उभं राहता येईना. सोलापूरला आणेपर्यंत श्वास अपुरा पडायला लागला. डॉक्टर येळीकर म्हणाले, आपल्याच शरीराची राखण करणारी फौज कधीकधी आपल्याच नसांवर उलटते, त्यातला प्रकार आहे. बहुतेक जण यातून उठतात. किती दिवसांत, ते मात्र सांगता येत नाही.

मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, अंगाला लागलेलं सगळं जाणवत होतं. फक्त हलता आणि बोलता येत नव्हतं.

कसबे सिस्टरांनी एका पुठ्ठ्यावर ए पासून झेडपर्यंत अक्षरं लिहून दिली होती, पाच ओळींत. समोरच्यानं आधी ओळीवर बोट ठेवायचं, मी डोळे वर केले की त्या ओळीतली अक्षरं एकेक करून म्हणायची. पण एक शब्द पुरा करायला त्याच पुठ्ठ्याच्या चार-पाच फेऱ्या व्हायच्या आणि दुसऱ्या फेरीतच माझ्या पापण्या जड व्हायच्या. नको त्या अक्षराला डोळे वर जायचे, हवं ते निसटायचं.

अप्पांनी राजशेखरच्या हातातून पुठ्ठा घेतला आणि स्टूल ओढून ते माझ्या उशाशी बसले. पहिल्यांदाच ते भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलले.

"क्रमाची काळजी करू नकोस. मी ए पासून झेडपर्यंत एकदाच जाईन. तुझ्या शब्दात जी अक्षरं असतील, तिथं डोळे वर कर. एखादं अक्षर दोनदा येत असलं तरी एकदाच सांग. शब्द कुठला ते शोधायचं काम माझं."

मला एकदम आठवलं. अप्पा रोज दुपारी ओट्यावर इंग्रजी पेपर घेऊन बसायचे. त्यात एका चौकोनात अक्षरं दिलेली असायची आणि त्यांतून शब्द शोधायचे असायचे. शाईच्या पेनानं ते समासात शब्द लिहीत जायचे, मधेच थांबून आभाळाकडे बघायचे, परत लिहायचे. राजशेखर त्यांची चेष्टा करायचा, "अप्पांची दुपारची शाळा सुटली का?" म्हणून.

त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली. सी ला मी डोळे वर केले. एच ला केले. आय ला. टी ला.

"चिट," राजशेखर मागून म्हणाला. "चिठ्ठी! म्हणजे आई म्हणत होत्या तेच, पत्र!"

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली. "इच," ते म्हणाले. "आय टी सी एच. खाज सुटलीय. कुठं?"

दुसरी फेरी. ई, एन, ओ, एस.

"नोज."

मी डोळे इतके वर केले की पार कपाळात गेले असतील. चुणीपेक्षाही मोठं दुःख तेच होतं. नळी चिकटवलेल्या पट्टीखाली नाकाचा शेंडा रात्रभर हुळहुळत होता. अप्पांनी हात पुढे केला आणि मधेच थांबवला. सुनेच्या चेहऱ्याला सासऱ्यानं हात कसा लावायचा? त्यांनी कसबे सिस्टरांना हाक मारली. त्या येईपर्यंतची ती मिनिटं मी अजून विसरलेले नाही. त्यांनाही ती जड गेली असावीत. कारण दुसऱ्या दिवसापासून ते खिशात धुतलेला रुमाल आणायला लागले आणि रुमालाच्या टोकानं, तोंड किंचित दुसरीकडे वळवून, माझं नाक खाजवायला लागले.

मग आमचं रुळलं. राजशेखरचं शेतीच्या पंपांचं दुकान होतं, तो एक दिवसाआड यायचा. आई माझ्या मामाच्या घरून डबे करून आणायची आणि बाहेर बाकावर जप करत बसायची. अप्पा मात्र ठाणच मांडून होते. भेटीची वेळ नसतानाही सिस्टर त्यांना आत घ्यायच्या, कारण मला काय हवंय ते त्यांच्याशिवाय कुणाला कळेना. "मेनकुदळे सरांना बोलवा, पेशंट काहीतरी म्हणतीय," असा आवाज दिवसातून कितीदा तरी व्हायचा. सी, डी, एल, ओ. "कोल्ड. पंखा कमी करा." ई, एल, एम, ओ, टी, डब्ल्यू. "टॉवेल, आणि... एम? चुकून गेला का? चुकूनच गेला." एकदा मी ए, डी, आय, ओ, आर अशी अक्षरं दिली, तर दुसऱ्या दिवशी ते घरचा ट्रान्झिस्टर घेऊन आले. डॉक्टरांची परवानगी काढून हळू आवाजात लावून ठेवला.

त्या दिवसांत मला वाटायचं, जगात एकच माणूस माझी भाषा समजतो आणि तो भिंतीशी बोलणारा माणूस आहे.

भाद्रपद लागला आणि माझं दुखणं फिरलं. छातीत कफ साठला, ताप चढला. तोंडातली नळी काढून गळ्याला भोक पाडून तिथं नळी बसवली. ताप उतरेना. आम्हाला ऐकू येत नाही असं समजून माणसं आजाऱ्याच्या उशाशी काय काय बोलतात! डॉक्टर येळीकर दारात उभं राहून राजशेखरला म्हणाले, "महिनोन्‌महिने लागतील. आणि पूर्ववत होतीलच असं मी लिहून देऊ शकत नाही." राजशेखर माझ्यापाशी आला, काहीतरी विनोद करायला गेला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर डोकं टेकून रडला. आई म्हणाली, "देवा, हिचे हाल बघवत नाहीत रे." ती असं कुणाला म्हणाली, देवाला की मला, ते कळलं नाही. पण मी ते माझ्यासाठी घेतलं.

दोन दिवस मी विचार केला. रडणं नव्हतं त्यात, चिडणंही नव्हतं. फार शांतपणे ठरवलं म्हणा ना. माझं लेकरू साडेचार वर्षांचं. अक्कूला सांगितलं होतं, आई पुण्याला ट्रेनिंगला गेलीय. हळूहळू विसरेल. राजशेखर अजून तरुण आहे. हे यंत्र असं फुसफुसत ठेवून कुणाचं भलं होणार आहे? मी तर म्हणेन, इतकं स्पष्ट मला आधी कधी काही दिसलं नव्हतं. फक्त ते सांगायला हवं होतं.

दुपारी भेटीच्या वेळेला तिघंही आत आले. मी डोळे पुठ्ठ्याकडे नेले. अप्पांनी तो उचलला, वाकून माझ्या तोंडावर धरला आणि बोट फिरवायला लागले. आई आणि राजशेखर त्यांच्या पाठीमागे.

"ए. बी. सी. डी..."

डी ला मी डोळे वर केले, अप्पांनी ते अक्षर पुन्हा म्हटलं. लगेच ई ला. मग मधली सगळी अक्षरं सोडून एन ला. नंतर झेडपर्यंत काही नाही.

"डी, ई, एन," राजशेखर पुटपुटला. "डेन? डेन म्हणजे गुहा ना? का..." आणि तो थांबला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण श्वास ऐकू आला. त्याला शब्द सापडला होता.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं. "राजशेखर, काय म्हणाली ती?"

यंत्र तेवढं फुसफुसत होतं. अप्पा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. ओठ हलत नव्हते त्यांचे. शब्द शोधत नव्हतेच ते.

"नीड," अप्पा म्हणाले. आवाज वर्गात असायचा तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "एन, डबल ई, डी. ई दोनदा आहे, एका फेरीत दोनदा सांगता येत नाही. तिला काहीतरी हवंय." मग आणखी खाली वाकून, "अक्कू हवीय का तुला?"

मी डोळे मिटले. नाही. मिटलेलेच ठेवले, म्हणजे चुकायला जागा नको.

"हो म्हणतेय," अप्पा मागे वळून म्हणाले. "अक्कूला आणायला पाहिजे."

आई रडायला लागली, सुटल्यासारखी. राजशेखर म्हणाला, "अप्पा, लहान मुलांना इथं सोडत नाहीत." "मी बघतो," म्हणत अप्पा बाहेर गेले.

मला इतका संताप आला होता की अंगात बळ असतं तर तो पुठ्ठा मी फाडला असता. जगातल्या सगळ्या शब्दांतून नेमका हाच चुकायचा होता यांना? आणि चुकला तर चुकला, माझे डोळे मिटलेले दिसले नाहीत?

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्कूला खरंच आणलं. डॉक्टरांना काय सांगितलं, कसं पटवलं, मला माहीत नाही. तिच्या केसांना चप्प तेल होतं, अंगात पिवळा फ्रॉक आणि पायांत दवाखान्यातल्या निळ्या पिशव्या बांधलेल्या. मला वाटलं ती घाबरेल. ती आजोबांचं बोट सोडून पुढे आली, यंत्राकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे बघितलं.

"आई, तुला नळ बसवलाय?"

"तिला बोलता येत नाही सध्या," अप्पा म्हणाले. "डोळे वर केले की हो. मिटले की नाही. तू विचार."

अक्कूला तो खेळ दोन सेकंदांत कळला. "तू पुण्याला गेली नव्हतीस?"

मी डोळे मिटले.

"आजोबा, खोटं बोलत होते सगळे!" ती म्हणाली. पण रागावली नाही. तिनं खाटेच्या कडेला हनुवटी टेकवली. "तू घरी कधी येणार? उद्या?"

मी डोळे मिटले.

"परवा?"

नाही.

ती विचारात पडली. तिच्या डोक्यात पुढची मोठी तारीख एकच होती. "दिवाळीला?"

मी अप्पांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मदतीला कुणी नव्हतं. अक्कू वाट बघत होती. तिच्या दातांच्या फटीत शेंगदाण्याचं साल अडकलं होतं, ते मला इतकं स्वच्छ दिसत होतं. ते काढायला हात जाईना, म्हणून मला जेवढ्या यातना झाल्या तेवढ्या सुया टोचताना झाल्या नव्हत्या.

मी डोळे वर केले.

"प्रॉमिस?"

पुन्हा वर केले.

ती गेल्यावर अप्पा एकटे परत आले, स्टुलावर बसले. मी डोळे मिटून पडले होते. मग पुठ्ठा मांडीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"उद्यापासून आपण एक खेळ खेळू," ते म्हणाले. "डी, ई, एन. ही तीन अक्षरं ज्यात येतात असे शब्द. पुढे-मागे, मधे, कशीही आली तरी चालतील. रोज एक शब्द तू मला घालायचा, मी ओळखायचा. तू अक्षरं द्यायचीस, बाकी माझ्याकडे."

मी डोळे उघडले.

"ज्या दिवशी तुझ्याजवळचे शब्द संपतील त्या दिवशी सांग. मग तू काल दिलेला शब्द मी डॉक्टरांसमोर मोठ्यानं वाचीन. जसाच्या तसा. शब्द देतो."

त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. परीक्षेचा पेपर वाटताना मास्तरांचा असतो तसा चेहरा. तेव्हा मला कळलं की हा माणूस चुकला नव्हता, माझा 'एन्ड' त्याला तिथंच कळला होता.

पहिल्या दिवशी मी रागानंच खेळले. डी, ई, एल, एन. नीडल. सुई. त्यांनी पटकन ओळखला आणि म्हणाले, "उद्या जरा बरा दे." दुसऱ्या दिवशी बँडेज. मग मेडिसिन. ते म्हणाले, "दवाखान्याच्या बाहेर पड की जरा." मला हसू आलं, आतल्या आत. म्हणून मग गार्डन. कँडल. विद्यार्थी म्हणून स्टुडंट, त्यावर ते बार्शीतल्या त्यांच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगत बसले, त्यानं म्हणे 'वेन्सडे'च्या स्पेलिंगमधला पहिला डी उच्चारत नाही म्हणून वर्षभर लिहिलाच नाही. वेन्सडे माझ्या मनात होता, तो त्यांनीच खर्ची घातला. मी डोळे वटारले. "बरं बरं, तो तुझ्या नावावर," ते म्हणाले.

ताप उतरला कधी ते मला सांगता येणार नाही. मी शब्द शोधत होते. पहाटे जाग आली की डोळ्यांपुढे ती तीन अक्षरं आणि त्यांच्या आजूबाजूला काय बसवता येईल त्याची जुळणी. अवघड शब्द द्यायचा, अप्पांना अडवायचं. हँडकरचीफला ते अडले आणि मग स्वतःच्या खिशातला रुमाल काढून माझ्यासमोर धरला. इंडिपेंडन्सला म्हणाले, "एवढा मोठा शब्द आणि अक्षरं एवढीच, हा अन्याय आहे." बाहेर नवरात्र बसल्याचे ढोल ऐकू आले. उजव्या हाताची करंगळी हलली, ती सिस्टरांनी पाहिली, मला कळलंच नव्हतं.

एक दिवस मी बराच विचार करून आलेला शब्द घातला. अप्पांनी फेरी सुरू केली. ए, डी, ई. मग जी, एच, आय, एल, एन. मग आर, टी, यू, डब्ल्यू. बारा अक्षरं. एवढी अक्षरं मी कधीच दिली नव्हती, पापण्या थरथरत होत्या. अप्पांनी ती पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहून घेतली आणि बघत बसले. सिस्टर येऊन सलाइन बदलून गेल्या. अप्पा बसलेलेच. ओठ हलत होते, थांबत होते. एकदा "वाँडरिंग?" म्हणाले आणि स्वतःच मान हलवली. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"डॉटर..." ते म्हणाले आणि थांबले. "डॉटर-इन-लॉ."

मी डोळे वर केले.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. "जोडशब्द आहे. नियमात बसत नाही," ते म्हणाले. "चालवून घेतो."

दिवाळीला मी घरी गेले नाही. अक्कूनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, तिला आणलं तर पाठ करून उभी राहिली. पण दिवाळीनंतर यंत्र आधी काही तास, मग दिवसभर बंद ठेवायला लागले. मला साध्या खोलीत हलवलं. गळ्याच्या नळीला बूच लावलं आणि डॉक्टर म्हणाले, "बोला काहीतरी." फुटक्या पिपाणीसारखा आवाज निघाला. पहिला शब्द मी काय बोलले याच्यावर आईचं आणि राजशेखरचं अजून एकमत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी अप्पा डबा घेऊन आले. आई देवळात गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. मला आता उशीला टेकून बसता येत होतं, उजवा हात कोपरापर्यंत उचलता येत होता.

"अप्पा."

"हं."

"मी डोळे मिटले होते. त्या दिवशी. अक्कू हवी का विचारलंत तेव्हा."

"माहीत आहे."

"तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो."

"का?"

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. धोतराचा सोगा सारखा केला. मला वाटलं, उठून जातील.

"तुझ्या सासूला असंच सोलापुरात ठेवलं होतं," ते म्हणाले. "पोटात पाणी झालेलं. दवाखाना दुसरा. मी तिला पेज भरवत होतो. माझ्या मावसबहिणीकडून डबा यायचा. दोन चमचे घेतले तिनं, तोंड फिरवलं आणि म्हणाली, 'पुरे आता.' मी चमचा खाली ठेवला. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईचा शब्द मला कळणार नाही? मी डॉक्टरांना सांगितलं, ती पुरे म्हणतेय, तिला घरी नेतो. राजाला पटलं, सगळ्यांना पटलं. घरी आणलं. लोक म्हणाले, सरांनी तिची इच्छा राखली."

मी ऐकत होते.

"त्या संध्याकाळी मी डबा घासायला घेतला. तळाशी थोडी पेज राहिली होती. का कुणास ठाऊक, बोट लावून चाखली. खारट होती. तोंडात धरवेना इतकी खारट. दोनदा मीठ पडलं होतं कुणाकडून तरी. तसाच उठून तिच्याकडे गेलो, विचारायला. तोवर तिची शुद्ध गेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली."

खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते. मी जे खरं होतं तेच बोलले.

"पण अप्पा, मला त्या दिवशी खरंच तेच म्हणायचं होतं."

"हो. तिलाही तेच म्हणायचं असेल कदाचित. मला आणखी एकदा विचारायला सवड हवी होती, एवढंच."

मग ते माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "आता विचारू?"

"विचारा."

"काय हवंय तुला?"

खरं उत्तर द्यायचं होतं आणि आत शोधलं तर एकच सापडलं.

"भूक लागलीय," मी म्हणाले.

अप्पांनी डब्याचं झाकण उघडलं. आईनं मऊ खिमट करून दिलं होतं, त्याची वाफ वर आली. त्यांनी चमचा भरला, आधी थोडं स्वतःच्या तळहातावर घेऊन चाखलं, क्षणभर तोंडात धरून ठेवलं. मग मान हलवली, चमचा पुन्हा भरला आणि माझ्या ओठांपाशी आणला.